शास्त्री अटकळ बांधतो

"डावी टाच बघ. बाहेरच्या अंगाने खाल्लीय. ह्याचा अर्थ काय?"

"टाच झिजलीय."

"झिजलीय हे आंधळासुद्धा हात फिरवून सांगेल. का झिजली ते सांग."

"चालून."

"चालून म्हणे. अगं, चालतात तर सगळेच. हा माणूस चालत नाही, पाय ओढतो. पाय कोण ओढतो? ज्याला कुठं जायची घाई नाही तो. घाई कोणाला नसते? ज्याच्या हाताला काम नाही त्याला. आणि हाताला काम नसलेला माणूस दिवसभर कुठं पडलेला असतो, ते मी सख्ख्या बहिणीपुढं बोलणार नाही."

असं म्हणून शास्त्र्याने तो काळा बूट उलटा करून दाराच्या उजेडात धरला आणि सोनाराने कस पाहावा तशी मान तिरकी केली. बहीण शिलाई मशीनवर होती. कोणा बाईच्या सँडलचा पट्टा सुईखाली होता, आणि सुईखाली काम असताना ती राजा आला तरी मान वर करत नसे. आज मात्र तिचं पायडलवरचं पाऊल थांबलं. बूट काचवाल्याचा होता. आणि काचवाल्याने कालच ह्या दुकानात उभं राहून, बाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "तुमच्या बहिणीशी लग्न करीन म्हणतो. तिला विचारलंय. ती म्हणाली दादाला विचारा, म्हणून विचारतो."

शास्त्री तेव्हा म्हणाला होता, "परवा सांगतो. बूट ठेवून जा."

बूट तसाही ठेवायचाच होता. पुढून तळ उसवला होता. शिवाय काचवाल्याची एक तक्रार होती. "डावा बूट आतून उंच लागतो हो. आधी वाटलं, आपलाच पाय लांब झाला की काय. मग घरातल्या जुन्या चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. पाय बरोबर आहेत. तेव्हा बुटातच काहीतरी असणार." शास्त्र्याने हे कानाआड केलं. अटकळ बांधायला बसलेल्या माणसाला बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची फार अडचण होते. बूट मुका असतो, म्हणून त्याला बूट आवडत.

त्याला लोक शास्त्री म्हणत ते ह्याचमुळे. कुठल्या शास्त्राचा शास्त्री असं कोणी विचारलं, तर शेजारचा शिंपी सांगायचा, "दुसऱ्याच्या तळव्याचा." जोडा हातात आला की शास्त्री तो आधी वाचणार. दुरुस्ती नंतर, आणि तीही बहिणीकडून. नखाएवढी झीज दिसली की त्यावरून माणसाचं कूळ, चालचलन, बायकोशी पटतं की नाही, सगळं घडाघडा. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात, पण त्याला निदान सूत तरी लागतं. शास्त्र्याला धाग्याची सावली पुरे.

आणि ऐकणारे ऐकायचे. हीच तर मौज. एका वाण्याला त्याने सांगितलं, तुमच्या उजव्या चपलेचा अंगठा आतून घासलाय, म्हणजे तुम्ही मनात काहीतरी दाबून ठेवलंय. वाणी हबकलाच. मनात काहीतरी दाबून न ठेवलेला वाणी जगात कुठं असतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तो इकडंतिकडं सांगत सुटला, काय माणूस आहे, काय नजर आहे. शास्त्र्याची नजर एवढी तीक्ष्ण होती, की बहिणीने दिवसभर शिवलेलं त्याला कधी दिसलं नाही.

घरातही तेच. मागच्या थंडीत बापाच्या हिरव्या कांबळ्याचा एक कोपरा नाहीसा झालेला आढळला. शास्त्र्याने कांबळं हातात घेतलं, वास घेतला, काठावर बोट फिरवलं आणि निकाल दिला, "मांजर. शिंप्याची. डाव्या दाढेने फाडलंय." शिंप्याची मांजर म्हातारी. तिला दूधसुद्धा चाटायला जड जायचं. पण निकाल तो निकाल. दोन घरांत पुढं किती दिवस बोलणं नव्हतं. बायका पाणी भरायला गेल्या की एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत. मांजर मात्र रोज येऊन ह्यांच्याच उंबऱ्यावर झोपायची, कारण तिला अटकळीतलं काही कळत नव्हतं.

आता अटकळ बांधणं ह्यात वाईट काही नाही. माणसाला जे समोर दिसत नाही, त्याच्यापर्यंत पोचायला काहीतरी करावंच लागतं. कणकेत पाणी घालताना बाई अंदाज करते. चुकला, कणीक सैल झाली, तर वरून मूठभर पीठ घालते आणि गप्प बसते. शेतकरी आभाळ बघून आडाखा बांधतो, पण त्यामागं त्याची आणि त्याच्या आज्याची सगळी पावसाळी हाडं असतात. तर्क लढवायचा असतो, म्हणून त्याला समोर दुसरा तर्कवाला लागतो, एकट्याने लढवला तर तो येड्यात काढला जातो. अटकळीचं तसं नाही. अर्धवट दिसलेलं काहीतरी आणि रिकामा वेळ, एवढ्यावर ती बांधता येते. म्हणूनच ती जपून बांधायची वस्तू आहे. जनावर बांधतो, गाठोडं बांधतो, तसं हेही बांधणं. आणि जे बांधतो ते ओढून बघतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गाठ न ओढता जनावर बांधून गेलेला माणूस संध्याकाळी रिकामं दावं घेऊन घरी येतो.

ह्यांचा बाप जोडे शिवणाराच. त्याच्या तोंडात हा शब्द रोज असे. जोडा चालताना कुरकुरतो, मग बाप म्हणायचा, "माझी अटकळ, आतला खिळा ढिला असावा." आणि लगेच पुढं म्हणायचा, "आता ओढ." खिळा ओढायचा. ढिला निघाला तर ठोकायचा. घट्ट निघाला तर बाप बिनदिक्कत म्हणायचा, "अटकळ सुटली. दुसरी बांधू." मग टाचेखालची चकती बघायची, मग शिवण. टाका घातला की दोरा ओढून बघायचा, तसंच हे. पोरगी बापाच्या मांडीशी बसून हे सगळं शिकली. पोरगा दाराशी बसून फक्त पहिलं वाक्य शिकला. "माझी अटकळ" एवढं त्याला छान म्हणता यायचं, अगदी बापाच्या आवाजात. "आता ओढ" म्हटलं की तो पाणी प्यायला उठायचा.

बाप मेला तेव्हा दुकान पोराकडे आलं आणि मशीन पोरीकडे. बापाने स्वतः सांगून ठेवलं होतं, मशीन तिची. तेव्हापासून शास्त्री दुकानात पुढं बसायचा आणि बहीण मागं. पुढं बोलणं, मागं काम. गिऱ्हाईक म्हणायचं शास्त्र्याकडं जोडा दिलाय. शास्त्री म्हणायचा, माझ्या हातचं काम आहे. बहीण काही म्हणायची नाही, कारण तोंडात बहुतेक वेळा खिळे असायचे.

तिशी मागं पडली तरी तिचं लग्न झालं नव्हतं, ते असंच शास्त्राच्या आधाराने. पहिलं स्थळ आलं होतं एका टपालवाल्याचं. शास्त्र्याने उंबऱ्यावरच्या त्याच्या चपला बघितल्या. दोन्ही टाचा साफ झिजलेल्या. "हा घरात टिकणारा माणूस नाही, बाहेर बाहेर फिरणारा आहे," असं म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावला. टपालवाला बाहेर फिरणार नाही तर काय पत्रं घरात वाटत बसेल, हे तिच्या मनात आलं. पण चार दिवसांनी आलं. दुसरा एक हॉटेलातला आचारी होता. त्याच्या चपलांना तेलाचे डाग. "घसरता माणूस," शास्त्री म्हणाला. तेव्हाही तिने ऐकलं. भावावर विश्वास म्हणून नव्हे. एवढ्या खात्रीने बोलणारा माणूस अगदीच रिकामा कसा असेल, असं तिला वाटायचं. ही चूक तिची, आणि पुढं तिला त्याचाच राग जास्त आला.

हा काचवाला तिसरा. चौकाच्या वळणावर त्याचं दुकान. खिडक्यांना तावदानं बसवायचा, आरसे कापायचा. पावसाळ्याआधी दुकानाच्या दर्शनी खिडकीची काच फुटली होती, तेव्हा तो माप घ्यायला आला. माप घ्यायची लाकडी पट्टी लांब होती, एक टोक त्याने धरलं आणि दुसरं धरायला कोणी म्हणून शास्त्र्याकडे बघितलं. शास्त्री एका बुटात तोंड घालून बसला होता. मग बहीण उठली. काचवाला म्हणाला, "सरळ धरलीत. बहुतेक लोक स्वतःच्या बाजूला झुकवतात." एवढंच बोलणं. पण नंतर त्याच्या चपलांचे अंगठे फार तुटायला लागले.

तो कसा चालतो हे तिला माहीत होतं. खांद्यावर मोठी काच घेऊन तो भर बाजारातून जायचा, आणि काच पाण्यासारखी निश्चल असायची. आतलं आभाळ हलायचं नाही. असा माणूस पाय ओढतो?

"पाय ओढत असता तर काचा फुटल्या असत्या," ती म्हणाली.

"फुटत असतील. तो काय तुला येऊन सांगणार आहे?" शास्त्री म्हणाला. "आणि हे बघ. मागचा काठ चेपलाय. म्हणजे बूट घालताना वाकतसुद्धा नाही, पाय तसाच कोंबतो. आळशी. आणि तळाची पुढची कड बघ, एकाच बाजूने भुगा झालीय. कायम कशाला तरी टेकून उभा राहणारा माणूस आहे हा. भिंत दिसली की टेकला, खांब दिसला की टेकला. उद्या तू दिसलीस की तुला टेकेल. बायकोच्या जिवावर बसून खाईल आणि वर चारचौघांत मिशीला पीळ देईल. ही माझी अटकळ, आणि माझी अटकळ आजवर चुकलेली नाही."

चुकलेली नाही हे खरंच होतं. ज्या विहिरीत कोणी पोहरा सोडलाच नाही, तिचं पाणी खारं आहे हे कळणार कसं.

"मग उद्या त्याला काय सांगणार?"

"नाही म्हणून सांगणार. तुझ्या भल्यासाठी. जा, तळ शिवून टाक, बूट परत द्यायचाय." एवढं बोलून शास्त्री भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. दुपारचं जेवण जिरवणं हेही त्याच्या मते कामच होतं.

शास्त्र्याच्या अटकळीची एक खूण होती. तिची गाठ सैल असायची, पण झुकायची कायम एकाच बाजूला. बहीण गेली की मशीन जाणार. मशीन गेली की दुकानात उरणार एक शास्त्री आणि एक जोडे ठोकायची ऐरण. हे तो बोलत नव्हता. कदाचित स्वतःशीही बोलत नसेल. पण टपालवाल्याची टाच, आचाऱ्याचं तेल आणि काचवाल्याची कड, तिन्ही वेगवेगळी असून निकाल तोच कसा निघतो, हा प्रश्न बहिणीला त्या दुपारी पहिल्यांदा पडला. आणि आणखी एक कळलं, की आज हा निकाल ऐकून गप्प बसलो तर चौथं कोणी येणार नाही. ती ह्या मशीनवर म्हातारी होणार आणि दादा तिच्या म्हाताऱ्या हातांनी केलेल्या कामाला माझं काम म्हणणार.

तिने बूट मांडीवर घेतला. तळ आतून पक्का करायचा तर पायाला लागतो तो आतला तळ, सुकतळा, आधी काढावा लागतो. उजव्याचा काढला, शिवला. डाव्याचा काढायला चिमटा लावला तेव्हा तिला काचवाल्याचं बोलणं आठवलं. आतून उंच लागतो. तिने मनाशी म्हटलं, माझी अटकळ, खाली काहीतरी सरकवलंय. आणि ओढलं.

सुकतळ्याखाली टाचेच्या जागी कांबळ्याचा तुकडा होता. हिरवा. दुहेरी घडी करून दाबून बसवलेला. तीन बाजू सरळ कापलेल्या आणि चौथी कातडं कापायची रापी चुकल्यासारखी, नागमोडी. अशी रापी ह्या दुकानात एकाच माणसाची चुकायची.

ती तुकड्याकडे बघत राहिली. मग उठून दाराशी गेली. शास्त्री घोरत होता. त्याच्या चपला उंबऱ्याशी होत्या. डाव्या चपलेच्या टाचेखाली तसाच हिरवा तुकडा, घामाने काळवंडलेला. त्याची डावी टाच लहानपणापासून दुखरी. खडा टोचावा तशी टोचायची, म्हणून तो जे पायात घालायचा त्यात टाचेखाली काहीतरी मऊ सरकवायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेलं कोणाच्या ध्यानात राहत नाही.

वहिनी मागच्या खोलीत निवडण टिपत बसली होती. ही बाई बोलायला महाग. नवऱ्याच्या वाट्याचं आणि स्वतःच्या वाट्याचं, दोन्ही बोलणं एकट्या नवऱ्याने उरकल्यामुळे तिला काही उरलंच नव्हतं.

"वहिनी, काचवाल्याने हे काळे बूट कुठनं घेतले असतील?"

"मीच दिले की," वहिनी निवडण न थांबवता म्हणाली. "तुम्ही कातडं आणायला गेला होतात. त्याने बेवारस फळीवरचा जोड मागितला, मी काढून दिला."

बेवारस फळी म्हणजे गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही अशा जोड्यांची. वर्ष उलटलं की ते विकायचे, ही बापापासूनची रीत. विकण्याआधी बहीण त्यांना रंग द्यायची, नाड्या बदलायची. हे बूट मुळात तांबडे होते. तिनेच काळे केले होते. एवढे जोड हाताखालून जायचे, की कुठला कोणाचा हे तिला आठवत नव्हतं.

"आणि त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी तुमच्या दादाच्या पायात. दोन थंड्या घातले. सैल करून ठेवतो म्हणायचे, नव्या गिऱ्हाइकाला चावायला नकोत म्हणून." वहिनीने एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग त्यांना दुसरा जोड आवडला. हे परत फळीवर."

"तुम्हाला हे माहीत होतं, आणि दादा दोन तास बूट वाचत होता तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?"

"मला कोणी विचारलं?" वहिनी म्हणाली. मग निवडण टिपता टिपता तिच्या ओठाचा एक कोपरा जरा वर गेला. "आणि खरं सांगू, आळशी म्हणाले, टेकू म्हणाले, बायकोच्या जिवावर खाणारा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचं बोलणं पटत होतं. मधेच कशाला तोडू?"

बहीण दुकानात परत आली. तिने तुकडा पुन्हा जागेवर ठेवला, सुकतळा वरून नुसता टेकवला आणि तळ शिवून टाकला. प्रत्येक टाका ओढून बघितला.

दुसऱ्या दिवशी काचवाला आला तेव्हा दुकानात शिंपीही होता. भोकं पाडायची आरी मागायच्या निमित्ताने आला होता, खरं कारण गल्लीला माहीत होतं. शास्त्र्याला ऐकणारे मिळाले की तो नवऱ्या मुलासारखा फुलायचा.

"बसा," तो काचवाल्याला म्हणाला. "तुम्ही भले माणूस असाल. पण जोडा खोटं बोलत नाही."

"दादा," बहीण मागून म्हणाली, "सांगायचंय तर सगळं सांग. काल मला सांगितलंस तेवढं. अर्धं नको."

शास्त्र्याला बरं वाटलं. बहीण आपल्या बाजूची झाली अशी अटकळ त्याने तिथल्या तिथं बांधली. मग त्याने बूट उलटा करून सगळं सांगितलं. पाय ओढणं, मागचा काठ, भिंतीला टेकणं. कालच्यापेक्षा आज दोन गोष्टी जास्तच सापडल्या. हा माणूस रागीट आहे पण समोर बोलत नाही, आणि खाताना उत्तम ते स्वतःच्या ताटात ओढतो. शिंपी ऐकत होता, आणि त्याची नजर हळूहळू बुटावरून शास्त्र्याच्या पोटावर गेली. वहिनी आतल्या दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती.

काचवाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बूट तुमच्याच दुकानातले आहेत. वहिनींनी दिले. मला घेऊन महिना झाला नाही."

"कुठलेही असोत," शास्त्री म्हणाला. "झीज दुकानाची नसते. झीज घालणाऱ्याची असते."

"हे परत म्हण, दादा."

"झीज घालणाऱ्याची असते. शंभर वेळा म्हणेन."

"एकदा पुरे," बहीण म्हणाली. तिने त्याच्या हातातून डावा बूट घेतला, चिमट्याने सुकतळा ओढला आणि हिरवा तुकडा सगळ्यांच्या मधोमध ऐरणीवर ठेवला. मग उंबऱ्यावरून शास्त्र्याची डावी चप्पल आणली, तिच्यातला तुकडा काढून शेजारी ठेवला. दोन्ही तुकड्यांच्या नागमोडी कडा फुटलेल्या बशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत बसल्या.

शिंपी पुढं वाकला. "हे तुमच्या कांबळ्याचं," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या मांजरीने डाव्या दाढेने फाडलेलं."

"तेच."

"माझ्या मांजरीला रापी धरता येत नाही," शिंपी म्हणाला. "एरवी तिला कधीच कामाला लावली असती."

"दादा, पाय घाल ह्यात," बहीण म्हणाली.

"कशाला?"

"बाबा म्हणायचे ना, ओढून बघ. बघ."

शास्त्र्याने सगळ्यांकडे बघितलं. पाणी प्यायला उठायची सोय नव्हती, दारात वहिनी होती. त्याने पाय घातला. तुकडा काढलेला असूनही पाय असा गेला, जसं म्यानात हत्यार जावं. बोटांचे खळगे बोटांखाली आले, चेपलेला मागचा काठ टाचेखाली आपोआप दुमडला. आणि उभं राहताच त्याच्या खांद्याने, त्याला न विचारता, भिंत शोधली.

काचवाला हसला नाही. शिंपी मात्र आरी न घेताच बाहेर पडला आणि त्याचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं.

एखादा लाजला असता. निदान खाली बघितलं असतं. शास्त्र्याने भिंतीला टेकल्या टेकल्या बोट वर केलं. "थांबा. ह्यात एक गोष्ट तुमच्या कोणाच्या लक्षात येत नाहीये. माझी अटकळ अशी आहे, की ह्या माणसाने हा जोड मुद्दामच निवडला. मला अडकवायला."

"बांध," बहीण म्हणाली. "तू बांधत बस. बाबांनी मशीन मला दिली होती, ती मी नेते. रविवारी." मग काचवाल्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या दुकानात उजेड कुठल्या बाजूने येतो?"

"काचेचं दुकान आहे," काचवाला म्हणाला. "सगळ्या बाजूंनी."

रविवारी मशीन गेली. हातगाडीवर चढवायला काचवाला होता, शिंपी होता, वहिनीसुद्धा एका बाजूने हात लावत होती. शास्त्री दारात उभा राहून चाकाच्या झिजेवरून हातगाडीवाल्याचा स्वभाव सांगत होता. हातगाडीवाल्याने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

तांबड्याचे काळे झालेले ते बूट काचवाल्याने तिथंच सोडले. परत नकोत म्हणाला. ते आता शास्त्र्याच्याच पायात असतात. आपल्याच मालाचं आपल्याकडे परत येणं हा योग असतो, असं तो सांगतो. गिऱ्हाइकं बहुतेक वळणावरच्या दुकानात जातात, तिथं अर्ध्या भागात काचा आणि अर्ध्या भागात जोडे असतात. चुकूनमाकून कोणी जुन्या सवयीने इकडं येतं.

परवा असंच एक म्हातारं गिऱ्हाईक आलं. शास्त्र्याने चप्पल उलटी करून उजेडात धरली. "माझी अटकळ, तुम्हाला डाव्या कुशीवर झोप लागत नाही."

"मला झोपेचं नको," म्हातारा म्हणाला. "अंगठा तुटलाय. शिवून द्या. मी इथंच उभा आहे."

मग शास्त्री बसला. आरी शोधली, ती बापाच्या जुन्या पेटीत तळाशी निघाली. दोरा ओवायला सुईशी बराच वेळ झटापट केली. भोक पाडलं, ते जरा तिरकं पडलं, बोटालाही लागलं. टाका घातला, गाठ मारली आणि चप्पल म्हाताऱ्यापुढं केली.

"ओढून बघा आधी," वहिनी आतून म्हणाली.

शास्त्र्याने ओढलं. गाठ सुटून दोरा हातात आला. त्याने तो दोरा उजेडात धरला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "दोऱ्यातच खोट असणार. ज्याने वळला तो माणूस..." म्हाताऱ्याने हात पुढं केला, चप्पल परत मागायला. शास्त्र्याने वाक्य तिथंच टाकलं, दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं आणि सुईच्या नेढ्याशी डोळा बारीक करून पुन्हा ओवायला लागला.